नेरुळच्या किल्ल्या देण्याआधी

नेरुळ, रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर नेरुळचं घर सोडण्याचा विषय निघाला की बाबा नुसतं "बरं" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात. तुझा आवाज भरून आला की मलाही पुढचं बोलवत नाही. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. चहा आणि बाबांच्या गोळ्या झाल्या की दोघांनी मिळून वाचा.

मनाला लागून राहिलंय ते आधी सांगून टाकते. संक्रांतीला तुम्हाला भेटायला दादाकडे पुण्याला आले तेव्हा मी "विचार चाललाय" म्हणाले होते. ते खरं नव्हतं. त्याच्या चार दिवस आधीच मी घरमालकांना घर सोडत असल्याचं कळवलं होतं. तिळगूळ देताना बाबांनी विचारलं, "मार्चपर्यंत नेरुळला जाऊ ना?" तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तुम्हाला न विचारता केलं ही माझी चूक. पण घर सोडणं ही चूक नाही, असं मला अजूनही मनापासून वाटतं.

करार संपत आला होता. पुन्हा अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, पुन्हा नोंदणी, पुन्हा दोघांचे अंगठे, वाढीव भाडं. ते सगळं निभावलं असतं. जिन्याचं काय करणार होतो? सिडकोची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, तिसरा मजला. नोव्हेंबरअखेरीस बाबा दुसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन अर्धा तास बसून राहिले, हे मला तुम्ही नाही, खालच्या काकूंनी सांगितलं. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालणं छान सुधारतंय. पण रोज तीन मजले चढायला डॉक्टरच नको म्हणतात. वर चढून बसलात की खाली उतरायचंच नाही, असं होईल. बाबा, तुम्हाला खिडकीत बसवून ठेवायला मला जमणार नाही. आणि कुर्ल्याचं घर सोडलं त्या वेळेसारखं, घाईघाईत, कुणीतरी सांगतंय म्हणून, पावसात सामान काढायची पाळी तुमच्यावर पुन्हा येऊ द्यायची नव्हती.

तर मी गेले तीन दिवस इथेच आहे. सामान शुक्रवारी गेलं, आता फक्त सफाई. कंपनीची माणसं येऊन चार तासांत घर धुऊन देतात म्हणे. मला ते नको होतं. एकोणीस वर्षं आई तू हे घर पुसलंस, शेवटचं मीच पुसणार.

स्वयंपाकघराला पूर्ण एक दिवस लागला. एक्झॉस्टच्या पंख्यावर तेलकटाचा इतका थर होता की पाती कुठली ते कळेना. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवली, मग जुन्या सुरीने खरवडली. आधी काळं, मग तपकिरी, आणि शेवटी खाली पांढरं निघालं. तो पंखा पांढरा होता, आई! कडाप्पा घासून नुसता तेलाचा हात फिरवला, नवा दिसतोय. नळांच्या बुडाशी साचलेल्या पांढऱ्या क्षाराला व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं, बारीक फेस आला आणि खपली हातानेच निघाली. दुकानदार ॲसिड घ्या म्हणत होता. मी घेतलं नाही, कारण आपल्या मोझॅकच्या लाद्यांत संगमरवराचे तुकडे आहेत, ॲसिडने ते खाल्ले जातात. लादीवर व्हिनेगरसुद्धा पडू दिलं नाही.

आणि याच्यावरून तुला एक निक्षून सांगायचंय. मोरीत आधी ॲसिड आणि वरून ब्लीचिंग पावडर टाकायची तुझी सवय आता बंद. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तुला जो ठसका लागायचा आणि तू "वास उग्र आहे" म्हणायचीस, तो हाच. बंद मोरीत माणूस गुदमरतो. उलव्याच्या नव्या घरात मी दोन्ही वस्तू ठेवणारच नाहीये, तू कुणाकडून मागवायच्याही नाहीत.

आता हॉलमधली भिंत. दिवाणाच्या मागे, बाबा जिथे टेकून पेपर वाचायचे, तिथे तो गोल डाग आहे ना, डोक्याच्या तेलाचा. दिवाण हलवला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. मधे गडद, कडेला फिकट, आणि त्याच्या डाव्या अंगाला एक छोटा डाग, बराच खाली. तो माझा. बारावीच्या वर्षी मी बाबांच्या शेजारी बसून पाठ करायचे, तेव्हाचा. तू दर शनिवारी खोबरेल तेल थापायचीस आणि वेणी घालून दिलीस की मी तशीच येऊन भिंतीला टेकायचे. बाबा काही बोलायचे नाहीत, नुसता पेपर थोडा माझ्या बाजूला सरकवायचे.

काल त्या डागाला हात घातला. आधी खडूची पूड चोळून ठेवली, पण ती ताज्या तेलाला, इतक्या जुन्याला ती काय करणार. मग भांड्याच्या साबणाचं पाणी. डिस्टेंपरची भिंत, डाग निघायच्या आधी रंगच फडक्याला यायला लागला. माझा छोटा डाग त्यात गेला, तिथे आता पांढरट ठिपका आहे. बाबांच्या डागापाशी मी फडकं धरून बराच वेळ उभी राहिले आणि मग बादलीत टाकलं. घरमालक परवा तसंही सगळं घर रंगवायला काढणार आहेत आणि रंगाचे पैसे करारानुसार डिपॉझिटमधून कापणार आहेत. म्हणजे मी तो पुसला काय आणि न पुसला काय. उद्या संध्याकाळी तेवढी एकच जागा सोडून सगळ्या भिंती कोरड्या फडक्याने झटकून घेईन.

बाकी डिपॉझिटची काळजी करू नका. प्रत्येक खोलीचे फोटो काढलेत, विजेचं बिल भरलंय, मीटरच्या रीडिंगचा फोटो घेतलाय. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवली. मालक माणूस म्हणून चांगले आहेत, पण कागद आपल्याकडे असलेला बरा, हे बाबांनीच शिकवलंय.

आता जे टाकलं त्याबद्दल. आई, रागावू नकोस. श्रीखंडाचे डबे बेचाळीस निघाले, मी बारा ठेवले. पिठाची चाळण फाटली होती, ती दिली. लोखंडी खाट भंगारवाल्याला दिली, तिचा पाय बाबांना दोनदा लागलाय. आत्येचं कपाट दिलेलं नाही, ते आणलंय, त्यातल्या साड्यांना मी हात लावलेला नाही. बाबांची पेपरची रद्दी गेली, पण कात्रणांच्या तिन्ही फायली माझ्या टेबलावर आहेत. २०२५ च्या महिला वर्ल्ड कप फायनलचा तो पेपर पण आहे. आठवतं का बाबा, २ नोव्हेंबरला टीव्हीवर बॉल पडायच्या आधीच डी. वाय. पाटील स्टेडियमवरून ओरडा खिडकीतून आत यायचा, आणि तुम्ही "विकेट!" म्हणून आधीच हात वर करायचा? सई अजून त्याची नक्कल करते.

देव मी आणलेत. पाटावर माझ्या देवांशेजारी ठेवलेत, रोज दोघांनाही फूल वाहते. मांडलेले मात्र नाहीत. ते तूच येऊन मांडायचे, नव्या देवघराला अजून कुणी हात लावलेला नाही. तुळस वाटेत जरा कोमेजली होती, काल दोन पानं ताजी फुटली.

घर आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे, उलव्यात, पहिला मजला, लिफ्ट आहे. संडासात धरायला दांडे बसवून घेतलेत. खिडकी पूर्वेला, म्हणजे बाबांना सकाळचं ऊन. तुझा ओटा दोन इंच खाली करून घेतलाय, आता पाटावर उभं राहायला नको. बुधवारचं भजन सुटणार नाही: नेरुळची लोकल आता थेट उरणपर्यंत जाते, उलव्याच्या बामणडोंगरी स्टेशनवर नेरुळच्या गाडीत बसलीस की नेरुळला उतरायचं, गाडी बदलायची नाही. हार्बरसारख्या पाच पाच मिनिटांनी गाड्या नसतात एवढंच. वेळापत्रक मी फ्रीजवर लावलंय. पहिले महिनाभर मी सोबत येईन. आणि बाबा, रोहित पक्षी मे महिन्यापर्यंत असतात. रविवारी सकाळी मी तुम्हाला गाडीने नेरुळच्या टी. एस. चाणक्य या नौकाप्रशिक्षण संस्थेच्या मागे घेऊन जाईन, दुर्बिणीसकट. तुमच्या कट्ट्यावरचे काका म्हणाले, जागा राखून ठेवतो.

येताना दादाच्या गाडीनेच यायचं. पंचाहत्तरी झाली म्हणून बाबांना एसटी फुकट आणि तुला अर्धं तिकीट, म्हणून एसटीने यायचं नाही, मला तुमचा हिशेब माहीत आहे. लोणावळ्याला थांबून पाय मोकळे करायचे. वहिनीने दिलेला व्यायाम रोज दोनदा, एकदा नाही. आणि आधारवरचा पत्ता बदलायला कागद लागतील, ते निळ्या पिशवीत घालून ठेव, चष्म्याच्या घरात नको.

मी घाई केली, ते मला कळतं. तुमच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. तुम्ही आलात की रागवा, समोर बसून रागवा. मी ऐकून घेईन.

परवा सकाळी दहाला किल्ल्या द्यायच्या आहेत. सोऱ्या सापडला, चकलीची चकती सापडली, पण बारीक शेवेची चकती कुठेच नाही. माळा दोनदा पाहिला. आई, कुठे ठेवलीस ते आठवलं तर उद्या रात्रीच्या आत फोन कर. घर अजून आपल्याकडे आहे तोवर शोधते.

तुमची,
ठकू