जाब चिथावणाऱ्याला विचारा

माननीय संपादक,

हिंसेला धर्मग्रंथ जबाबदार की त्यांचा अर्थ लावणारे, हा वाद दर दंगलीनंतर उफाळतो आणि माइकवरून चिथावणारा माणूस त्या गदारोळात निसटतो. जाब आधी त्याला विचारला पाहिजे.

कुराणाच्या नवव्या सूरेतली (अध्यायातली) पाचवी आयत घ्या, मूर्तिपूजकांना दिसतील तिथे मारा असे सांगणारी. अतिरेकी ती वापरतात आणि इस्लामचे कडवे विरोधकही तीच फिरवतात. कात्री दोघांचीही एकाच जागी चालते. आधीची चौथी आयत करार पाळणाऱ्यांशी केलेला करार मुदतीपर्यंत पाळायला सांगते. सहावी सांगते की शत्रुपक्षातल्या कोणी आश्रय मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोहोचवा. गीतेचेही तेच. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात तिच्यातून कर्मयोग मांडला, विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात तिच्यावर प्रवचने दिली, गांधीजींना तिच्यात अहिंसा सापडली. गांधीजींच्या खुन्याने कोर्टात दाखले दिले तेही राम, कृष्ण आणि अर्जुनाचेच.

तरी सगळे ग्रंथ निर्दोष, असे म्हणवत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातला २७० वा श्लोक द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटायला सांगतो. संदर्भ पाहावा म्हणून पुढे वाचले तर २७१ व्यात तोंडात तापलेला लोखंडी खिळा आहे आणि २७२ व्यात तोंडाकानांत उकळते तेल. इथे भाष्यकाराला दोष देऊन भागत नाही. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती अशा ओळींचा अधिकारच नाकारण्यासाठी.

हा नकार समाजाने द्यायचा असतो. कोर्ट तो देत नाही. कुराणावर बंदी मागणारी याचिका कलकत्ता उच्च न्यायालयाने १९८५ साली फेटाळली. २६ आयती वगळा, ही मागणी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० हजारांचा दंड लावून निकाली काढली. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीत ९०० माणसे गेली. तिची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने त्यात बोट ठेवले ते चिथावणीखोर भाषणांवर, लेखनावर, महाआरत्यांवर आणि पोलिसांच्या वागण्यावर.

चिथावणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचे, धर्म-जातीवरून वैर पसरवण्याविरुद्धचे कलम १९६ आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, प्रार्थनास्थळी गुन्हा केला तर पाच. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. तक्रारीची वाट न पाहता तो नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. तरी खटले ढेपाळतात, आणि बऱ्याचदा पुराव्यापाशीच. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली क्लिप घेऊन पोलीस ठाण्यात जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवताना दाबून लहान केला जातो, त्यामुळे त्याची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, मूळ फाइलशी जुळत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र तर हॅशसकट द्यावे लागते. म्हणून ज्याने चित्रण केले त्याचा फोन आणि मूळ फाइल जपा, काटछाट करू नका, सभेची तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा. भाषणात धर्मग्रंथातले वचन आले असेल तर आधीच्या आणि नंतरच्या ओळीसह ते तक्रारीला जोडा. वचन कुठे तोडले, ते तपास अधिकाऱ्याला लगेच दिसते.

त्यापुढची अडचण मात्र नागरिकाच्या हातातली नाही. एफआयआरला परवानगी लागत नाही, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम २१७ नुसार सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोर्ट अशा गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. मंजुरी अडकली की आरोपी पुढच्या सभेला मोकळा. याच कायद्याच्या कलम २१८ मध्ये सरकारी नोकरांवरील खटल्यांसाठी १२० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी दिली असे धरले जाते. कलम २१७ ला अशी मुदतच नाही. ती घालण्याची दुरुस्ती मुंबईच्या सहाही खासदारांनी संसदेत मागावी, आणि मंजुरीअभावी पडून असलेली प्रकरणे राज्याच्या गृहखात्याने जाहीर करावीत.

— एक वाचक, दादर, मुंबई