वशिला नाकारणारा बिशप

महोदय,

मध्ययुगातल्या युरोपात चर्चने विज्ञानाला डोकेच वर काढू दिले नाही, असे सरसकट विधान वारंवार वाचनात येते. इंग्लंडमधल्या लिंकन शहराचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांचे चरित्र पाहिले तर ते टिकत नाही. साध्या घरातला हा माणूस. ऑक्सफर्डला फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंना शिकवत असे आणि 1235 मध्ये बिशप झाला. उतारवयात ग्रीक शिकून त्याने ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र लॅटिनमध्ये आणले. इंद्रधनुष्याचे कारण त्याने प्रकाशाच्या वक्रीभवनात शोधले; तपशील चुकला, पण दिशा बरोबर होती. पुढे रॉजर बेकन या इंग्रज विचारवंताने त्याचे तोंडभरून कौतुक केले.

मला मात्र त्याचे 1253 चे पत्र जास्त भावते. पोप चौथे इनोसंट यांनी आपल्या पुतण्याला लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये पद देण्याचा हुकूम धाडला. मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या या म्हाताऱ्याने उत्तर दिले : (पोप हे धर्मपिता, म्हणून) मुलाच्या नात्याने, आज्ञाधारकपणेच, मी ही आज्ञा पाळत नाही. (वशिल्याचे अर्ज निकाली काढणाऱ्यांनी हे वाक्य टेबलावरच्या काचेखाली ठेवावे!) ज्यूंविषयीची त्याची मते मात्र अनुदारच होती, हेही लिहायला हवे.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा