न कळवता पॅकेट अडवणारे आयपीएस आणि संरक्षण बंद करून ‘सोडवलेले’ तिकीट

प्रति,
प्रमुख, ग्राहक तांत्रिक साहाय्य विभाग

विषय: सिग्नेचर अपडेटनंतर आयपीएस उपकरणाने वैध ट्रॅफिक अडवल्याबद्दल व तिकीट चुकीच्या पद्धतीने बंद केल्याबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीचे आयपीएस, म्हणजे घुसखोरी रोखणारे उपकरण, आमच्या मुख्य स्विच आणि राउटरच्या मध्ये इनलाइन, म्हणजे सगळे ट्रॅफिक त्यातूनच जाईल असे, बसवलेले आहे. गेल्या सोमवारी रात्री त्याने ठरल्या वेळी सिग्नेचर अपडेट (हल्ले ओळखणाऱ्या फिल्टरची नवी आवृत्ती) घेतले आणि मंगळवारी सकाळपासून आमच्या शाखेचे काम अडू लागले. शुक्रवारी आपल्या विभागाने आमच्या तक्रारीच्या तिकिटावर ‘सोडवले’ असा शेरा मारला. अडचण सुटलेली नव्हती. ज्या रीतीने ते तिकीट मिटवले गेले, ती मला मान्य नाही.

लक्षणे आधी सांगतो, कारण पहिल्याच दिवशी ती कोणी नीट ऐकून घेतली असती तर पुढचे चार दिवस वाचले असते. शाखेच्या सर्व्हरला पिंग लागत होते. लॉगिन होत होते, फोल्डरची यादी दिसत होती. तिथली फाइल इकडे आणली तर ती सुरळीत येत होती. इकडची मोठी फाइल तिकडे पाठवायला घेतली की मात्र कॉपी सुरुवातीलाच अडायची आणि थोड्या वेळाने कनेक्शन तुटायचे. लहान फाइल जाते, मोठी अडकते आणि तीही एकाच दिशेने, एवढे ऐकल्यावर नेटवर्कमधल्या माणसाच्या मनात एमटीयूची, म्हणजे वाटेत मावणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराची, शंका यायला हवी.

आपल्याकडून मात्र रोज नवा अभियंता फोनवर येई आणि रोज पहिले पाढे पंचावन्न. डायग्नोस्टिक फाइल काढून पाठवा, फर्मवेअरची आवृत्ती सांगा, लाइटचा रंग कोणता आहे ते पाहा. तीच फाइल मी चार वेळा पाठवली. चारही वेळा उत्तर आले की सीपीयू, मेमरी, तापमान सगळे ठीक आहे आणि ब्लॉक लॉगमध्ये आमचा एकही पत्ता नाही, तेव्हा दोष आमच्या नेटवर्कचा असणार.

बुधवारी मी भर कामाच्या वेळी उपकरण बायपासवर टाकले, म्हणजे ट्रॅफिक न तपासता सरळ जाऊ दिले. ‘कोणाला कळणारही नाही’ असे आपल्या अभियंत्याने सांगितले होते. प्रत्यक्षात रिले बदलताना लिंक क्षणभर तुटली, आमच्या जुन्या स्विचवरच्या स्पॅनिंग ट्रीने (नेटवर्कमध्ये चक्राकार मार्ग होऊ न देणाऱ्या यंत्रणेने) पोर्ट पुन्हा सुरू करायला ३० सेकंद घेतले आणि सगळ्यांचे कॉल एकदम पडले. स्विच आमचा, हे मान्य. पण पोर्टची ती सेटिंग आधी तपासून घ्या, हे सांगणे तुमचे काम होते. बायपासवर टाकताच मोठ्या फाइली सरळ जाऊ लागल्या. परत इनलाइन केले आणि पुन्हा अडल्या.

मग उपकरणाच्या दोन्ही बाजूंना पॅकेट कॅप्चर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची नोंद, लावले. आमचा सर्व्हर १५०० बाइटचे पॅकेट ‘तुकडे करू नका’ ही खूण लावून पाठवतो. शाखेच्या टनेलमध्ये १४०० च्या वर मावत नाही. म्हणून राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि सर्व्हरला आयसीएमपी (नेटवर्कमधल्या त्रुटी कळवणारा प्रोटोकॉल) प्रकार ३, कोड ४ चा निरोप धाडतो, की आकार कमी करा. राउटरच्या बाजूच्या कॅप्चरमध्ये हे निरोप ओळीने दिसत होते. स्विचच्या बाजूला एकही नव्हता. बिचारा सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसला होता.

निरोप गिळणारा फिल्टर शेवटी मलाच सापडला. आयसीएमपीच्या आडून लपवून नेलेला मजकूर पकडण्यासाठी तो या अपडेटमध्ये नव्याने आला आहे. पण आयसीएमपीच्या त्रुटी-संदेशात मूळ पॅकेटचा हेडर आणि पुढचे ८ बाइट असतातच; आयसीएमपीचे मानक असलेल्या १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्येच तसे लिहिले आहे. तुमच्या फिल्टरला तोच लपवलेला मजकूर वाटला. फिल्टर चुकतात, त्याचा मला राग नाही. राग याचा की या फिल्टरची मूळ कृती ‘अडवा’ एवढीच ठेवली होती, ‘अडवा आणि कळवा’ नव्हे. लॉग कोरा होता तो त्यामुळे, आणि त्याच कोऱ्या लॉगचा दाखला देऊन तुम्ही आम्हाला दोषी ठरवत होतात.

हे कॅप्चर मी गुरुवारी पाठवले. शुक्रवारी उत्तरादाखल आपल्या अभियंत्याने रिमोट सत्रात संपूर्ण पॉलिसी ‘फक्त नोंद’ या स्थितीत टाकली, फाइल जाते आहे हे दाखवले आणि तिकीट बंद केले. म्हणजे एका फिल्टरपायी बाकीच्या सगळ्यांना रजा. ज्या कामासाठी आम्ही दरवर्षी परवाना नूतनीकरण करतो तेच बंद करण्याला उपाय म्हणत असाल, तर उपकरणाची वीज काढणे त्याहून सोपे होते. तपासणी आम्ही आमची केली. निदान कॅप्चर उघडून पाहायचे होते.

सध्या मी पॉलिसी पूर्ववत केली आहे आणि तो एक फिल्टर ‘जाऊ द्या आणि कळवा’ वर ठेवला आहे. राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १३६० ला बांधला आहे, पण त्याचा उपयोग टीसीपीपुरताच. यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवर चालणाऱ्या कामांना तो लागू पडत नाही.

तिकीट पुन्हा उघडून त्यावर फिल्टरचा दोष लेखी नोंदवावा आणि दुरुस्त फिल्टर कोणत्या अपडेटमध्ये येणार ते कळवावे. यापुढे प्रत्येक अपडेटसोबत नवे व बदललेले फिल्टर, त्यांच्या मूळ कृतीसह, अपडेट लागू होण्याआधी आमच्या हाती पडले पाहिजेत. न कळवता अडवणारे आणखी किती फिल्टर आमच्या पॉलिसीत आहेत, त्याची यादीही हवी. ती येईपर्यंत आपोआप होणारे अपडेट मी बंद ठेवले आहे. त्यातला धोका मला ठाऊक आहे, म्हणून सात दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे. तोपर्यंत परवाना नूतनीकरणाचे देयक मी पुढे पाठवणार नाही.

दोन्ही बाजूंचे कॅप्चर आणि फिल्टरच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट पुन्हा एकदा सोबत जोडले आहेत.

आपला,
नेटवर्क प्रशासक