दोघांसाठी जुनी शिडाची बोट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जुनी शिडाची बोट विकत घेऊन तुम्ही दोघंच समुद्र ओलांडणार, म्हणजे बहुतेक वेळ एकजण झोपलेला आणि दुसरा एकटाच पहाऱ्यावर. बोट त्याच हिशेबाने बघ. 33 ते 38 फूट भरपूर झाली. त्याहून मोठ्या बोटीचं मुख्य शीड रात्री वाढत्या वाऱ्यात एकट्याने आखडणं फार जड जातं.

विंडवेन, म्हणजे वाऱ्याच्या दिशेवरून सुकाणू आपोआप धरणारं यंत्र, असलेली बोट मिळाली तर सोडू नकोस. त्याला वीज लागत नाही. सर्वो-पेंड्युलम प्रकारात पाण्यातलं पातं बोटीच्या वेगातूनच ताकद घेतं, त्यामुळे वारा वाढला की सुकाणूवर त्याचा जोरही वाढतो. 1960च्या पहिल्या एकहाती अटलांटिक शर्यतीत चिचेस्टर आणि हॅसलर या दोन्ही स्पर्धकांची भिस्त वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूवरच होती. मागून मंद वारा असला की मात्र ते भरकटतं. तेवढ्यापुरता छोटा इलेक्ट्रिक ऑटोपायलट हवा.

नव्या चार्टप्लॉटरला, म्हणजे नकाशा दाखवणाऱ्या स्क्रीनला, भुलू नकोस रे. खरा खर्च चेनप्लेटमध्ये, म्हणजे डोलकाठीच्या तारा बोटीला जखडणाऱ्या धातूच्या पात्यात, दडलेला असतो. ती डेकमधून खाली उतरते तिथली झाकणपट्टी काढायला लाव. आतल्या लाकडावर काळपट ओघळ दिसले, तर पाणी बरीच वर्षं झिरपतंय. स्टेनलेस स्टील उघड्यावर टिकतं, पण सीलंटखाली ओल कोंडली आणि ऑक्सिजन मिळेनासा झाला की कुरतडलं जातं. वरून चकचकीत, आणि चीर डेकच्या जाडीत. चेनप्लेट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय खात्री धरू नकोस. तारांच्या खालच्या टोकाला दाबून बसवलेल्या स्वेज फिटिंगवरून नख फिरव. तिथे पाणी साचून केसाएवढ्या उभ्या चिरा पडतात. रिगिंग, म्हणजे डोलकाठी धरून ठेवणाऱ्या या तारा, दहा वर्षांहून जुनं असेल आणि बदलल्याची पावती नसेल, तर नव्या रिगिंगचा खर्च सरळ किमतीतून वजा कर.

डेकवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटत जा. बद्द आवाज आला तिथे आतलं बाल्सा (हलकं लाकूड) भिजलंय किंवा थर सुटलेत. सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाण्याच्या भोकांवरचे कॉक, उघडबंद करून बघ, थोडं खरवड. गुलाबी दिसलं तर पितळेतलं जस्त गेलंय, तो बदलायलाच हवा. इंजिन तू पोचण्याआधी सुरू करू नका म्हणून मालकाला बजाव, आणि गेल्या गेल्या हात लावून बघ, थंडच असायला हवं, म्हणजे ते थंड असताना कसं सुरू होतं ते कळेल.

सर्वेअर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, तुझा तू शोध, मालकाने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढल्यावर कील (तळाखालचा वजनदार कणा) आणि हल (बोटीचं धड) यांच्या सांध्यावर पुढच्या बाजूला चीर दिसते का, तेही त्याला बघायला सांग. चाचणीला निघालात की बाकीच्यांना बसवून ठेव आणि पहिला रीफ तू एकट्याने घे, म्हणजे शीड एक टप्पा आखड. त्यासाठी डोलकाठीपर्यंत दोन-तीन खेपा झाल्या, तर दोर कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूच्या जागेपर्यंत, आणायचा खर्चही भावात धर.

तुझा मित्र