जुन्या गोव्याहून नार्व्याला

माळा, पणजी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे दादाने कळवले आणि जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घाला. आई, त्यांना इतक्यात पेपर वाचू देऊ नकोस. हे पत्रही तूच वाचून दाखव.

फोंड्याहून पणजीला येताना बसच्या खिडकीतून आपण जुने गोवे जन्मभर पाहत आलो. सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (जत्रेला) खाजे घ्यायला उतरायचो, तेवढेच. रविवारी मी मुद्दाम गेले आणि दिवसभर फिरले. तुम्ही पुण्याहून आलात की आपण तिघांनी तिथे जायचेच, हे सांगायला हे पत्र.

बाबा, तुम्हाला आधी म्युझियममध्ये नेणार. असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून जुना मठ आहे, त्यातच ते आहे. वर पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरी ओळीने लावल्या आहेत. त्या भराभर पाहिल्या तरी चालतील. थांबायचे ते वीरगळांपाशी. एका वीरगळावर चक्क आरमारी लढाई कोरली आहे. खाली गलबत आणि त्यातले वल्हेकरी, वरच्या पट्टीत स्वर्गाला गेलेला वीर. गोव्याच्या कदंब राजांचे राज्य दर्यावर चालायचे, हे तुम्ही वर्गात शिकवायचात. त्या दगडासमोर उभी होते तेव्हा तुमचाच आवाज कानात होता.

तुमच्यासाठी आणखी एक जागा हेरून ठेवली आहे. सेंट पॉल कॉलेजची आता फक्त कमान उरली आहे, रस्त्याच्या कडेला. तिथे कोणी थांबत नाही. पण भारतातला पहिला छापखाना 1556 साली याच कॉलेजात आला. पुढे साठ वर्षांनी, 1616 साली, स्टीफन्स पाद्रीचे मराठी ओव्यांचे ख्रिस्तपुराण गोव्यातल्याच रायतूरला छापले गेले. छापील मराठीची सुरुवात आपल्या गोव्यात झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. त्या कमानीखाली तुमचा एक फोटो काढायचा आहे.

बॉम जेझू तुम्हाला माहीत आहे. 1605 सालचे चर्च. 1950च्या दशकात बाहेरचा गिलावा काढला, तेव्हापासून चिरे उघडे पडले आणि पावसाने झिजत चालले आहेत. गिलावा पुन्हा करा, अशी मागणी आहे. मला ती रास्त वाटते. आपल्या चिऱ्याला पावसाचे चार महिने उघड्यावर ठेवून कसे चालेल?

आई, तुझे मन रमेल ते सेंट ऑगस्टीनच्या पडक्या बुरुजापाशी. गाडी टेकडीवर जाते, गुडघ्यांची काळजी नको. छत 1842 साली कोसळले. आता 46 मीटर उंच बुरुजाचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 साली तिला इराणात हाल करून मारले. तिच्या अस्थी पाद्र्यांनी इथे आणून ठेवल्या होत्या. त्या उत्खननात सापडल्या, हैदराबादला तपासल्या आणि 2021 साली भारताने जॉर्जियाला दिल्या. चारशे वर्षांनी माहेरी गेली बिचारी. आणि आपल्या पणजीच्या चर्चची मोठी घंटा आहे ना, ती याच बुरुजातली. इथे माळा भागात मी ती रोज ऐकते.

एवढे मोठे शहर रोगांच्या साथींनी रिकामे झाले. 1843 साली राजधानी अधिकृतपणे पणजीला आली आणि जुन्या वाड्यांचे चिरेही पणजीत घरे बांधायला आणले गेले.

पण आई, नुसती चर्चे बघून परतायचे नाही. व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली गेले की फेरीबोट लागते. गाडीतून उतरावेही लागत नाही. पलीकडे दिवाडी बेट. कदंबांचा सप्तकोटीश्वर मूळचा तिथलाच. कोटीतीर्थाची तळी अजून आहे. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदी ओलांडून डिचोलीच्या नार्व्याला गेला. आपणही तशीच दुसरी फेरी घेऊन जाऊ. शिवाजी महाराजांनी 1668 साली ते देऊळ बांधायला घेतले, तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे सरकारने जीर्णोद्धार केला. 2023 साली देऊळ पुन्हा खुले झाले. आत धारालिंग, बाहेर दीपस्तंभ, भोवती माडबागा. तिथे पुष्कळ वेळ बसले. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे हे सगळे आपल्या दारातले, तेही असेच नदीपलीकडून आलेले देव. ते कुठून निघाले हे लहानपणापासून ऐकले होते. पण वाट पायाखाली आली ती आता. म्हणून म्हणते, दोन्ही तीर एकाच दिवशी बघायचे.

फेस्त 3 डिसेंबरला. त्या गर्दीत बाबांचा डोळा सांभाळणे कठीण, तेव्हा ते झाल्यावर या. खाजे मी फेस्तात घेऊन ठेवीन. नार्व्याच्या भटजींकडे अभिषेकाचे विचारून ठेवते. तो बाबांच्या नावाने करायचा की दादाच्या, तेवढे फोनवर कळवा.

तुमची,
बाय