पावसाळ्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या गावातच द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात, म्हणजे कणकुंबी, आमगाव, गवाळी, कोंगळा या भागात, वयस्कर माणसांच्या बी.पी. व शुगरच्या गोळ्या दर पावसाळ्यात मध्येच बंद पडतात. आपल्या दैनिकाद्वारे याकडे जिल्हा प्रशासनाचे व आरोग्य खात्याचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र.

जून अर्धा सरला की ओढ्या-नाल्यांना पाणी चढते, कच्चे रस्ते चिखलात जातात आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला गोळ्यांसाठी दवाखान्यापर्यंत जाणे अशक्य होते. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, पण अनेकदा त्या पंधरा दिवसांच्या किंवा फार तर महिन्याच्या असतात. त्यामुळे माणसे आपल्या परीने काटकसर करतात. एका गवळीवाड्यावर मी पाहिले की, आजीबाईंनी गोळ्यांची पट्टी रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाशाला खोचून ठेवली होती आणि गणपतीपर्यंत पुरावी म्हणून बी.पी.ची प्रत्येक गोळी त्या अडकित्त्याने अर्धी करून घेत होत्या. दुसऱ्या घरात नवरा-बायको एकाच पट्टीतल्या गोळ्या वाटून घेत होते, आणि दोघांना एकच गोळी चालते का, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच दुखत नाही, त्यामुळे गोळी सुटली तरी आपण बरेच आहोत असे वाटत राहते. प्रत्यक्षात हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांवरचा ताण रोज वाढत असतो. अटेनोलोलसारखी काही औषधे तर एकाएकी बंद केल्यास छातीत कळा येऊन प्रसंग जिवावर बेतू शकतो. ज्यांना वर्षानुवर्षे मधुमेह आहे, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखे होते आणि घरचे लोक पित्त झाले म्हणून सोडून देतात. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असतो. 2024 च्या पावसाळ्यात आमगावच्या आजारी महिलेला गावकऱ्यांना खांद्यावरून जंगलातून न्यावे लागले होते. तिथे हे काही तास कुठून आणायचे?

योजना नाहीत असे नाही. कर्नाटक सरकारच्या पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत तालुका रुग्णालयात ई.सी.जी. काढून ते महागडे इंजेक्शन मोफत देण्याची सोय आहे. सत्तरी पार केलेल्या सर्वांसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचे संरक्षण सुरू केले. महाराष्ट्र शासनानेही 865 सीमावर्ती गावांसाठी आरोग्य योजना लागू केली. परंतु या सगळ्यांचा लाभ माणूस रुग्णालयात पोहोचल्यावरचा आहे, आणि रोजची साधी गोळी वेळेवर मिळाली असती तर त्यातल्या कित्येकांना तिथवर जावेच लागले नसते. कोलारपासून सुरू होऊन पुढे राज्यभर नेलेल्या गृह आरोग्य योजनेत घरोघरी तपासणी व औषधे अपेक्षित आहेत. त्या योजनेचे वेळापत्रक आमच्या भागात पावसाच्या हिशेबाने ठरले पाहिजे, एवढीच मागणी आहे.

ज्यांचा बी.पी. व शुगर आटोक्यात आहे, अशांना मे महिन्यातच गावात तपासून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. कोरड्या डब्यात ठेवल्यास या गोळ्या सहज टिकतात. इन्शुलिनचे मात्र वेगळे आहे, कारण वीज आठ-आठ दिवस गेली तर फ्रीज असूनही उपयोग नाही. त्या रुग्णांची स्वतंत्र नोंद ठेवावी. एकदम इतक्या गोळ्या दिल्यास तपासणी राहून जाईल, ही डॉक्टरांची शंका रास्त आहे. त्यासाठी प्रत्येक गावात आशाताईंकडे बी.पी.चे डिजिटल यंत्र व शुगर तपासणीच्या पुरेशा पट्ट्या असाव्यात, आणि त्यांच्या या जादा कामाचा मोबदला वेळेवर मिळावा. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ दाखवणारी चित्रे आणि मराठीत दोन ओळी असाव्यात, कारण इथल्या जुन्या पिढीतील पुष्कळांना कन्नड वाचता येत नाही.

याच भेटीत मिसरी आणि मीठ यांविषयीही बोलावे. पावसाळ्यात ताजी भाजी मिळत नाही, ताटात सुकी मासळी आणि लोणचे असते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. मासळी खाऊ नका म्हणून भागणार नाही, ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या असे सांगितले तर बायका ऐकतील.

जंगलातील गावांच्या स्थलांतराची चर्चा चालू आहे. तिचा निर्णय जेव्हा व्हायचा तेव्हा होवो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी बी.पी. व शुगरच्या रुग्णांची गाववार यादी मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तयार करून ग्रामपंचायतीकडे द्यावी. त्यात कोणाचे नाव राहिले असल्यास ते शोधून कळवण्याचे काम आम्ही ग्रामस्थ करू.

आपला,
एक ग्रामस्थ
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव