बाक सगळ्यांचा सारखाच लांब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळी ऑलिम्पिकमधल्या आइस हॉकीची बातमी आपल्याकडे गोल करणाऱ्याच्या नावाशी संपते. फार तर विजेत्यांकडे 'राखीव ताकद जास्त होती' असे म्हटले जाते. पण पुरुषांच्या स्पर्धेत प्रत्येक संघाची यादी 25 जणांचीच असते आणि सामन्याला 20 खेळाडू व 2 गोलरक्षकच सज्ज ठेवता येतात. खरा प्रश्न असतो तो चौथी फळी (एकत्र उतरणाऱ्या तीन आक्रमकांचा गट) बर्फावर उतरवायला प्रशिक्षक धजतो का, हा.

पूर्ण वेगाने खेळायची एक पाळी जेमतेम 45 सेकंदांची. चार फळ्या आलटून पालटून उतरल्या, तर पुढच्या पाळीपर्यंत सव्वादोन मिनिटे दम खाता येतो. दोनच फळ्यांवर भिस्त ठेवली तर विश्रांतीही 45 सेकंदांचीच. पहिल्या सत्रात हे निभावते. दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात, बचावाचा भाग आपल्या बाकापासून लांब जातो आणि दमलेल्या पाच जणांना (तीन आक्रमक, दोन बचावपटू) बाहेर पडायची संधीच मिळत नाही. सुटका म्हणून पक (खेळाची रबरी चकती) दूर भिरकावला आणि आयसिंग झाले, म्हणजे तो आपल्या अर्ध्या भागातून थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे गेला, तर त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. तेच पाच जण आपल्या गोलपाशी ताज्या दमाच्या फळीसमोर फेस-ऑफला, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू करायला, उभे! पाय चालेनासे झाले की काठी आडवी येते, आणि शिक्षा म्हणून दोन मिनिटे एक खेळाडू कमी.

एखादा सामना मात्र मोजक्याच चांगल्या खेळाडूंचा उथळ संघही मारून नेतो. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीत बेलारूसने उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनला 4-3 असे हरवले. पुढच्या तीन दिवसांत मात्र कॅनडाकडून 7-1 आणि रशियाकडून 7-2 अशी हार. 2014 मध्ये सोचीत लाटव्हियाचा गोलरक्षक गुडलेव्हस्किसने कॅनडाचे 55 फटके अडवले. शेवटची सात मिनिटे उरेपर्यंत 1-1 बरोबरी होती. शे वेबरचा निर्णायक गोल झाला तो पॉवर प्लेवर, म्हणजे लाटव्हियाचा खेळाडू शिक्षा भोगत असताना. त्याच सामन्यात कॅनडाचा टवारेस गुडघा दुखावून स्पर्धेबाहेर गेला. तरी पुढच्या दोन सामन्यांत कॅनडाने एकही गोल खाल्ला नाही.

संघाची खोली, म्हणजे बदली खेळाडूंची ताकद, जागेनुसार मोजावी लागते, हे सोचीतल्याच कॅनडा-स्वीडन अंतिम सामन्यात दिसले. स्वीडनकडे हेन्रिक सेडिन नव्हता, झेटरबर्ग पाठीच्या दुखण्याने स्पर्धा सोडून गेला होता आणि बॅकस्ट्रमला उत्तेजक चाचणीमुळे ऐनवेळी बाहेर बसवले गेले. तिघेही मधल्या जागी खेळू शकणारे आक्रमक. संघात नुसते बचावपटू चांगले असून चालत नाही. मधल्या आक्रमकाची जागा कोणीही उठून भरू शकत नाही. स्वीडन 3-0 ने हरला.

मे महिन्यातल्या जागतिक स्पर्धेची तऱ्हा वेगळी. तेव्हा एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे) बाद फेरीचे सामने चालू असतात. तिथून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंसाठी संघ यादीत जागा रिकाम्या ठेवतात, त्यामुळे सुरुवातीच्या निकालांवरून संघ जोखू नये.

गुणफलकाबरोबर प्रत्येकाचा बर्फावरचा वेळही छापावा, ही विनंती. ते आकडे सामन्यानंतर लगेच जाहीर होतात आणि दोन ओळींत मावतात.

– एक वाचक, नाशिक